घोडा घ्यायचाय? आधी नालबंद शोधा

घोडा घ्यायचाय म्हणून विचारायला येणाऱ्या पोरांचा पहिला प्रश्न एकच असतोय, कितीला मिळंल. आमच्या बेळगाव जिल्ह्यात निपाणी म्हणू नका, चिकोडी, रायबाग, अथणी म्हणू नका, सगळीकडं हेच. आणि माझं उत्तरपण ठरलेलं हाय, ते राहू दे, तुझ्या गावापासून सगळ्यात जवळचा नालबंद, म्हणजे घोड्याला नाल मारणारा, कुठं असतोय ते सांग आधी. मग पोरगं गप्प. घोडं पेंड खातंय ते तिथंच. पैसे काय, ऊसाचं बिल जमा झालं की चार दिवस सगळ्यांकडंच असतात, पण घोडा पैशावर जगत नाही, चार माणसांवर जगतोय. एक नालबंद, एक घोड्याला हात लावायची सवय असलेला डॉक्टर, एक बारमाही वैरण देणारा, आणि तुम्ही लग्नाकार्याला पुण्याला गेलात तर पहाटे उठून चंदी, म्हणजे धान्याचा खुराक, टाकणारा घरचाच कोणीतरी. ही चार नावं कागदावर लिहून काढता येत नसतील तर अजून घोडा बघायलाच जाऊ नका, कारण बघायला गेलं की घेतला जातोयच, नादच तसला हाय.

नालबंदाचंच घ्या. टांगे होते तोवर बेळगावात, मिरजेत नालबंद हाकेच्या अंतरावर असायचे, टांगे गेले आणि त्यांची पोरं दुसऱ्या धंद्याला लागली. आता जे उरलेत ते मोटरसायकलवर हत्यारांची पिशवी टाकून गावोगाव फिरतात, त्यांची फेरी कधी आपल्या बाजूला येतीय ते धरून ठेवावं लागतंय. गावात बैलांना पत्री मारणारा असतोय, त्याच्याकडं घोडा नेऊ नका. बैलाचा खूर दुभंगलेला, त्याला दोन वेगळ्या पत्र्या बसतात, घोड्याचा खूर अखंड, नाल एकच आणि खिळा कुठल्या कोनातनं बाहेर काढायचा त्याचं गणितच वेगळं, खिळा थोडा आत गेला की घोडा लंगडलाच. खूर आपल्या नखांसारखा वाढत असतोय, त्यामुळं नाल मारा नाहीतर नका मारू, सहा ते आठ आठवड्यांनी खूर तासायलाच लागतोय. काळ्या रानात नाल नसली तरी चालून जातंय, पण डांबरी रस्त्यावर वराती करायच्या असतील तर नाल पाहिजेच.

डॉक्टरचं पण तसंच. तालुक्याच्या दवाखान्यातले डॉक्टर दिवसभर म्हशी आणि जर्सी गाई बघतात, त्यात त्यांची काय चूक नाही, पण घोडा रवंथ करत नाही, त्याचं पोट एकच आणि अंगाच्या मानानं लहान, आणि मुख्य म्हणजे त्याला उलटी होत नाही. म्हणून घोडा घ्यायच्या आधीच दवाखान्यात जाऊन सरळ विचारा, सर घोडा बघता का, नाकातनं पोटात नळी घालायची सवय हाय का. नसेल तर कोण बघतंय त्याचा नंबर घ्या. १९६२ हा जनावरांच्या अँब्युलन्सचा नंबर पण फोनमध्ये सेव्ह करून ठेवा.

वैरण

आमच्या भागात घोडेवाल्याचा सगळ्यात मोठा घोटाळा म्हणजे ऊसाचं वाढं, म्हणजे ऊसाचा हिरवा शेंडा. गळीत हंगाम चालू झाला की फुकट मिळतंय, म्हशीला घालतोय तेच घोड्यालाही घालायचं, काय फरक पडतोय. फरक पडतोय की. पोट नगाऱ्यासारखं होतंय आणि अंगात ताकद काय नाही. थोडं कुट्टी करून, दुसऱ्या वैरणीत मिसळून घातलं तर ठीक, पण पोट भरायला वाढं नको. हत्तीगवताचं पण तसंच, त्यात ऑक्सॅलेट असतंय, रोज तेच घातलं तर घोड्याच्या अंगी कॅल्शियम लागत नाही. आणि गव्हाचा कोंडा, जो लोक प्रेमानं पाटीभर घालतात, त्यात फॉस्फरस लय आणि कॅल्शियम कमी, रोज जास्त घातला तर हाडं ठिसूळ होतात, तोंडाची हाडं सुजून येतात. मूठभर चवीला बास.

हिशेब असा की साडेतीनशे किलोच्या घोड्याला दिवसाला पाच ते सात किलो तरी सुकी वैरण लागती, म्हणजे वर्षाला दोन-अडीच टनाच्या आसपास. एवढी एकदम घ्यायला जमत नसेल तर निदान सहा महिन्याची तरी घ्या, आणि शाळू, म्हणजे रब्बी ज्वारी, निघाल्या निघाल्या, फेब्रुवारी-मार्चला घ्या, मे महिन्यात कडब्याचा भाव विचारायला गेलात तर घोडा विकावासा वाटंल. अथणी, विजापूरच्या बाजूचा मालदांडीचा कडबा चांगला, पण घोड्याला कुट्टी करूनच. खानापूर, चंदगडकडं दसऱ्या-दिवाळीनंतर डोंगरी गवत कापतात, ते घोड्याला सगळ्यात मानवतंय, गंजी घालून ठेवायला जागा असेल तर तेच घ्या. भुईमुगाच्या शेंगांचा वेल घोडा आवडीनं खातोय, पण एक पेंडी जरी पावसात भिजून बुरशी आलेली असली तर ती बाजूला टाका, म्हशीलाबी नको. लसूणघास थोडा थोडा चालतोय. हिरवी कोवळी ज्वारी मात्र अजिबात नको, विषबाधेचं तर सगळ्यांना माहीतच हाय, पण घोड्याला त्यानं लघवीचा आणि मागच्या पायातली ताकद जायचा वेगळाच आजार होतोय.

चंदी म्हणजे हरभरा, हुलगे, सातू, ओट मिळाले तर ओट. हरभरा भिजवून, हुलगे शिजवून. एका वेळी दोन किलोच्या वर धान्य कधी घालायचं नाही, जास्त काम असेल तर दिवसातनं तीनदा घाला पण एकदम नको. बसून असणाऱ्या घोड्याला धान्य जवळपास लागतच नाही, हे मालकांना पटत नाही, त्यांना वाटतंय चंदी कमी केली म्हणजे लोक कंजूष म्हणतील. मिठाचा खडा गव्हाणीत कायम. पाणी दिवसाला पंचवीस ते चाळीस लिटर, उन्हाळ्यात त्याच्याही वर, आणि आमच्याकडं एप्रिलमध्ये बोअरला पाणी कसं असतंय ते तुम्हाला माहीतच हाय.

आणि एक, ज्यांच्याकडं पोल्ट्री हाय त्यांनी नीट वाचा. कोंबडीच्या आणि काही जनावरांच्या खाद्यात मोनेन्सिन नावाचं औषध घातलेलं असतंय, कोंबडीला ते चालतंय, घोड्याचं हृदय बंद पाडतंय. थोडंसं पोटात गेलं तरी. पोत्याचं तोंड उघडं आणि घोडा मोकळा, असं कधी होऊ द्यायचं नाही.

जागा

बारा बाय बारा फुटाची जागा, वर उंच छप्पर, वारा खेळता. बंद खोलीत लीद-मुताचा वास डोळ्याला झोंबतोय तिथं घोड्याची छाती खराब होती. पावसाळ्यात गोठ्यात डास, गोमाशा होतात म्हणून आपल्याकडं शेणी पेटवून धूर करायची पद्धत हाय, म्हशींना चालत असंल, घोड्याला धूर लय वाईट, त्यापेक्षा जाळी मारा आणि पंखा लावा. खाली भाताचं तूस किंवा लाकडाचा भुसा. ऊसाचं पाचट टाकलं तर घोडा ते खात बसतोय आणि धूळ वेगळीच.

खानापूर बाजूला चार महिने चिखल काय सुटत नाही. तिथं खूर सडायचं प्रमाण जास्त. रोज संध्याकाळी चारी पाय उचलून खुराच्या आतली घाण काढायची, काळपट ओलं आणि घाण वास आला तर समजायचं सुरू झालं, लगेच नालबंदाला नाहीतर डॉक्टरला दाखवायचं. निदान एक कोपरा मुरूम टाकून कोरडा ठेवा.

घोडा एकटा राहत नाही, कळपातलं जनावर हाय ते. एकटा बांधला की लाकूड कुरतडायला लागतोय, जागेवर डुलायला लागतोय, मग लोक म्हणतात घोड्याला खोड लागली. दुसरा घोडा परवडत नसेल तर एक शेळी आणून सोडा शेजारी. हसू नका, लय ठिकाणी हे केलेलं हाय आणि शेळी दोन दिवस दिसली नाही तर घोडा चारा सोडतोय इतकी दोस्ती होती.

रोजचं काम आणि पोटदुखी

पहाटे पाणी, वैरण, लीद काढणं, मग खरारा, म्हणजे अंग घासणं. खरारा म्हणजे नुसतं चकाकी आणायला नाही, हात फिरवताना कुठं गाठ हाय, कुठं गरम लागतंय, कुठं पाठ लागलीय ते कळतंय. खोगीर नीट बसत नसेल तर पाठीवर आधी केस पांढरे होतात नाहीतर झडतात, तिथंच थांबायचं, जखम व्हायची वाट बघायची नाही. रपेट झाली की लगेच आणून बांधायचा नाही, शेवटचा एक किलोमीटर उतरून तंग, म्हणजे खोगिराचा पट्टा, सैल करून चालवत आणायचा. आणि हे सगळं आजारपण, सणवार, ग्रामपंचायतीची निवडणूक काही असलं तरी रोज.

घोडा सगळ्यात जास्त मरतोय तो पोटदुखीनं. पुढच्या पायानं जमीन उकरणं, वळून वळून कुशीकडं बघणं, बसणं उठणं, लोळणं, लीद बंद, घाम. यातलं दोन-तीन दिसलं की पुढचं वैरण-चंदी काढून घ्या आणि डॉक्टरला फोन करा, आधी फोन, मग बाकीचं. डॉक्टर येईपर्यंत अंग टाकून लोळत असेल तर हळूहळू चालवा, शांत उभा असेल तर उभा राहू दे, तासभर पळवून दमवू नका. गावात हमखास कोणीतरी येतंय आणि बांबूच्या नळकांड्यानं गोडेतेल, सोडा, ताक पाजूया म्हणतंय. नको म्हणून सांगा, वाईटपणा आला तरी चालंल. जबरदस्तीनं पाजलेलं छातीत गेलं तर पोट बरं होऊन घोडा न्यूमोनियानं जातोय. दुखणं थांबवायचं इंजेक्शन आपल्या मनानं मारू नका, दुखणं झाकलं जातंय आणि आत आतडं पिळलेलं असलं तर डॉक्टरला कळतच नाही.

घरात एक थर्मामीटर ठेवा. बरा असताना घोड्याचं अंग ९९ ते १०१ फॅरनहाइट, नाडी मिनिटाला २८ ते ४४, जबड्याखाली बोट लावलं की लागती. हिरड्या गुलाबी, बोटानं दाबून सोडल्या की दोन सेकंदाच्या आत रंग परत यायला पाहिजे. हे आकडे फोनवर सांगितले तर डॉक्टर निम्मं तिथंच ओळखतोय.

धनुर्वाताची लस चुकवू नका, घोड्याला धनुर्वात फार पटकन होतोय, एखादा गंजका खिळा पुरतोय. कुत्री फिरत असतील तर रेबीजची पण. पावसाळ्यानंतर गोमाशा वाढल्या की सर्रा नावाचा रोग येतोय, ताप येतोय जातोय, घोडा वाळत जातोय, पायाला पोटाला सूज, मग लोक नजर लागली म्हणून लिंबू उतरतात. उतरा बापडे, पण रक्त तपासून घ्या. ग्लँडर्स या साथीच्या रोगाचं मात्र हसण्यावारी नेऊ नका, तो माणसालापण होतोय, घोड्यात त्याच्यावर इलाज करत नाहीत, हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर कायद्यानं घोडा मारावा लागतोय आणि आसपासच्या घोड्यांची ये-जा बंद होती.

पैसे

वरातीतनं खर्च निघतोय असं सांगणारे भेटतील. लग्नसराईत निघतोय, खोटं नाही. तुळशीच्या लग्नापासून ज्येष्ठापर्यंत तारखा असतात, वैशाखात बेळगावच्या शिवजयंतीच्या मिरवणुकीला, खंडेनवमी-दसऱ्याला घोडा लागतोय. पण दसरा सोडला तर आषाढ ते कार्तिक घोडा बसून खातोय आणि वरच्या हिशेबातला जवळपास निम्मा कडबा त्याच महिन्यांत संपतोय. शिवाय वरातीचा घोडा म्हणजे डीजे, फटाके, दारू पिऊन लगाम ओढणारे मित्र, आणि प्रत्येक पाहुणा प्रेमानं काहीतरी खायला घालतोय, जिलेबी, बुंदी, पुऱ्या. दुसऱ्या दिवशी पोटदुखी आणि पायांना गरम सूज कशानं आली म्हणून विचारतात. सुपारी घेतानाच सांगायचं, घोड्याला कुणी काय खायला घालायचं नाही आणि फटाके पन्नास पावलं पुढं. ऐकत नसतील तर ती सुपारी सोडा.

यात्रेतल्या घोडागाडी शर्यतीचा नाद असणाऱ्यांना सांगून उपयोग नाही पण सांगतो, दोन वर्षाच्या शिंगराला गाडीला जुंपलं की त्याचे पाय सहाव्या वर्षी संपतात, हाडं पक्की झालेली नसतात. बसायला, जुंपायला चार वर्षाचं होऊ दे. करंट लावणं, खिळा टोचणं ही मर्दुमकी नाही, १९६० च्या कायद्यानं गुन्हा हाय.

मग घ्यायचा कशाला

आमची एक मावशी अजून विचारती, घोडं कशाला घेऊलास रे, म्हैस घे की, दूध तरी देतंय. तिला उत्तर नाही. घोडा दूध देत नाही. पण रवाळ चालीचा घोडा असला आणि पहाटे ऊसाच्या फडातनं जाणाऱ्या गाडीवाटेनं बसून निघालं की पाठीवर पाण्याचा तांब्या सांडत नाही असं जुने लोक म्हणतात ते खरं वाटायला लागतंय. तुमच्या गाडीचा आवाज वळणावर आला की घोडा खिंकाळतोय, दुसऱ्या गाडीला नाही, तुमच्याच. कर्नाटकी बेंदराला बैलांच्या बरोबर त्यालापण न्हाऊ घालून रंगवायचं, पोरांची मोबाईल सोडून खरारा धरायची मारामारी. लीदीचं खत घातलेल्या वाफ्यात मेथी कशी येती ते घरच्या बाईमाणसाला विचारा, घोड्याबद्दल तिचं एकच चांगलं मत असतंय ते हे.

आणि घोड्याचा मान बघायचा असेल तर लांब जायला नको, चिकोडी तालुक्यातल्या अंकलीला जा. माउलींच्या पालखीचे अश्व तिथल्या शितोळे सरकारांच्या वाड्यातनं निघतात आणि आळंदीपर्यंत चालत जातात, जवळपास तीनशे किलोमीटर, दहा-अकरा दिवस. एकावर जरीपटका घेतलेला स्वार, दुसऱ्यावर कोणी बसत नाही, तो माउलींचा. रिंगणात तो पळाला की त्याच्या टापांखालची माती लोक कपाळाला लावतात. मी घोडेवाल्यांना सांगतो, भक्तिभावानं बघाच, पण त्या चालण्याचा हिशेबपण बघा. दिवसाला तीसएक किलोमीटर, ठरलेले मुक्काम, पळवापळवी नाही. आणि आपण काय करतोय, आठ दिवस बांधून ठेवलेला घोडा रविवारी एकदम काढून संकेश्वरपर्यंत पळवायचा आणि सोमवारी लंगडतोय म्हणून बोंबलायचं.

ठरलंच असेल तर

पहिला घोडा म्हणून घोडी नाहीतर खच्ची केलेला घोडा घ्या, सहा ते दहा वर्षाचा, कामाला सरावलेला. आंडील घोडा दिसायला रुबाबदार असतोय, मान्य, पण शेजारच्या वस्तीवर घोडी आली की तो तुमचा राहत नाही. शिंगरू आणून वाढवू, आपल्याच हातचं होईल, हा विचार पण सोडा, नवीन माणूस आणि नवीन घोडा दोघंपण एकमेकांना चुकीचंच शिकवतात. मारवाडी, काठियावाडी, नुकरा यांची क्रेझ हाय, पण आपल्या दख्खनच्या भीमथडी घोड्याला कमी लेखू नका, उंचीला लहान पण काटक, ऊन आणि जाडीभरडी वैरण सोसणारा.

बाजार अकलूजला भरतोय, दत्तजयंतीला सारंगखेड्याला भरतोय, हौस म्हणून जाऊन या, शंभर घोडे बघितले की डोळा तयार होतोय. पण पहिला घोडा बाजारातनं नको, कोणाच्या तरी दारातला घ्या, आणि न सांगता सकाळी सकाळी जा. सांगून गेलात तर घोडा आधीच फिरवून, घाम काढून, कधी कधी दुखणं थांबवायचं इंजेक्शन मारून उभा केलेला असतोय. दात बघा, मधले पक्के दात अडीच वर्षाला, बाजूचे साडेतीनला, कडेचे साडेचारला येतात, पाच वर्षाला तोंड पूर्ण. त्याच्या पुढचं वय दाताच्या झिजेवरनं जाणकारच सांगणार, मालक सांगतोय ते सोडून द्या. कडक जमिनीवर दुडकी चालवून बघा, मान कुठल्या पावलाला वर उचलतोय ते बघा, चारी पाय उचलू देतोय का, डोळ्यासमोर हात नेला की पापणी मिटतोय का. मालकाला स्वतः बसून दाखवायला सांगा, तो नको म्हणाला तर चहा पिऊन परत या.

रंग आणि भोवऱ्यावर मात्र डोकं फिरवून घेऊ नका. पंचकल्याणी, म्हणजे चारी पाय आणि तोंड पांढरं, नाहीतर देवमण, म्हणजे गळ्याला शुभ भोवरा, असला की किंमत वर जाती, आसूढाळ, म्हणजे डोळ्याखाली भोवरा, असला की कोणी दारात उभा करत नाही. माझं मत विचाराल तर चांगल्या पायाचा, चांगल्या स्वभावाचा घोडा नुसता डोळ्याखालच्या भोवऱ्यामुळं स्वस्तात मिळत असेल तर डोळे झाकून घ्या, फक्त घरात वडीलधाऱ्यांना विचारून घ्या आणि परत विकताना तुम्हालापण तोच भाव मिळणार हे लक्षात ठेवा.

घोडा पंचवीस वर्ष जगतोय, म्हणजे दहा वर्षाचा घेतला तरी तुमच्या पोराच्या लग्नापर्यंत दारात. म्हातारा झाल्यावर दलालाला द्यायचा असेल तर आत्ताच घेऊ नका.

आणायचा तो दसऱ्यानंतर, पावसाळ्यात नको. महाराष्ट्रातनं आणत असाल तर ग्लँडर्सचा निगेटिव्ह रिपोर्ट, प्रवासाला फिट असल्याचं डॉक्टरचं सर्टिफिकेट, खरेदीची पावती, तिन्ही कागद ड्रायव्हरजवळ, सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर विचारलं तर शोधत बसायला नको. गाडीत खाली रबरी मॅट नाहीतर वाळू आणि वर गवत, घोड्याचं तोंड मोकळं, दर दोन-तीन तासानं थांबून पाणी. घरात आल्यावर दोन-तीन आठवडे दुसऱ्या घोड्यांपासून लांब बांधा, बादली, खरारा सगळं वेगळं. आणि जुन्या मालकाकडनं त्याच्या रोजच्या वैरणीची चार-पाच पोती मागून गाडीतच टाका, लाजू नका. पहिले दोन-तीन दिवस तीच घालायची, मग त्यात आपली वैरण थोडी थोडी मिसळत दहा-बारा दिवसांत बदलायची. बघायला अख्खं गाव येणार, येऊ दे, पण पेढे माणसांनाच वाटा.